कार्बन डायऑक्साइडचं पांघरूण केगमध्ये टिकत नाही

तयार बिअरला हवेतला ऑक्सिजन लागला की ती बिघडते. ते टाळायला घरी बिअर बनवणाऱ्यांत एक सल्ला सर्रास फिरतो. रिकाम्या केगमध्ये (बिअर साठवायच्या धातूच्या बंद पिंपात) पाच-दहा सेकंद कार्बन डायऑक्साइड सोडा. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी पांघरुणासारखा बसतो. मग झाकण उघडंच ठेवून नळीने बिअर भरा, झाकण लावा, दोन-तीनदा वायू भरून सोडा. उरलासुरला ऑक्सिजन यीस्ट खाऊन टाकतं. केगमध्ये सोडलेली मेणबत्ती विझते हे दाखवणारा प्रयोगही सोबत असतोच.

(घरी बिअर बनवायला जिथे मुभा आहे तिथल्यांसाठी हे लिहितोय. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने ती मिळाली. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बनवणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे.)

‘जड आहे म्हणून तळाशी बसतो.’ जड आहे, यात वाद नाही. २० अंश तापमानाला लिटरभर कार्बन डायऑक्साइडचं वजन सुमारे १.८४ ग्रॅम, हवेचं १.२. पण वायू तेल-पाण्यासारखे वेगळे राहत नाहीत. हवेतला आर्गॉन नायट्रोजनपेक्षा जड असतो, तरी तो जमिनीलगत साचलेला कुणी पाहिलेला नाही. सिलिंडरमधून सुटलेला झोत केगमधली हवा आधीच घुसळून काढतो. समजा तो अगदी अलगद सोडला, तरी नुसत्या विसरणाने दहा सेंटिमीटरचं अंतर पाचेक मिनिटांत पार होतं. १९ लिटरचा केग सायफनने भरायला त्याहून जास्त वेळ जातो. बिअर वर चढताना वरचं मिश्रण बाहेर ढकलते हे खरं, पण तोवर तिचा पृष्ठभाग त्याच मिश्रणाखाली उघडा असतो.

‘मेणबत्ती विझते, म्हणजे ऑक्सिजन संपला.’ सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो आणि तो साधारण १६ टक्क्यांवर आला की मेणबत्ती विझते. म्हणजे ती विझली तेव्हा तीन चतुर्थांश ऑक्सिजन अजून जागेवरच असतो! विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायची आपल्याकडची जुनी रीत माणूस गुदमरेल का एवढंच सांगते. बिअरचं नुकसान होतं ते लिटरमागे ऑक्सिजनच्या मिलिग्रॅमभरही नसलेल्या अंशाने. तिथे कंदिलाची साक्ष काय कामाची?

‘दोन-तीनदा दाब देऊन सोडला की झालं.’ हिशेब करून बघा. गेजवर २ बार दाखवेपर्यंत वायू भरला आणि सोडला, की आतला ऑक्सिजन दर खेपेला एक तृतीयांश उरतो. तीन खेपांनंतर सत्ताविसावा हिस्सा, म्हणजे सुमारे ०.७८ टक्के. भरलेल्या केगमध्ये वर लिटरभर जागा मोकळी असेल तर त्यात साधारण १० मिलिग्रॅम ऑक्सिजन राहिला. तो सगळा १८ लिटर बिअरमध्ये उतरला तर लिटरमागे जवळपास ०.६ मिलिग्रॅम. मोठ्या ब्रुअरी ०.१ च्या आत राहायला बघतात. पाच खेपा केल्या तर आपणही त्या हद्दीत येतो, त्यामुळे ही क्रिया निरुपयोगी मुळीच नाही. मात्र ती फक्त मोकळ्या जागेची सफाई करते. उघड्या केगमध्ये भरताना बिअरने जे आधीच शोषून घेतलं, ते असं निघत नाही.

मग रिकामा केगच आधी असा वायू भरून-सोडून दहा वेळा धुवावा का? चालेल, पण दर खेपेला सुमारे ७० ग्रॅम वायू वाया जातो. त्यापेक्षा केग सॅनिटायझरने काठोकाठ भरावा, झाकणाखाली अडकलेला बुडबुडा केग थोडा तिरका करून काढावा, आणि सगळं द्रावण कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने डिप ट्यूबमधून (केगच्या वरच्या तोंडापासून तळापर्यंत जाणाऱ्या नळीतून) बाहेर ढकलावं. हवेला आत जागाच मिळत नाही आणि वायू लागतो पन्नासेक ग्रॅम. याहून स्वस्त उपाय म्हणजे फर्मेंटरमधून, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्यातून, निघणारा वायू रिकाम्या केगमधून जाऊ देणं. १९ लिटरच्या मध्यम कडक बिअरमधून तीनशे लिटरहून जास्त वायू निघतो, आणि तो एरवी एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या पाण्याच्या झडपेतून) बुडबुडत वायाच जातो. पुढे बंद केगमध्ये डिप ट्यूबमधूनच बिअर भरायची आणि केगच्या वायूच्या तोंडापासून दुसरी नळी फर्मेंटरच्या डोक्यावर जोडायची. बिअर खाली येते, वायू वर जातो, हवा मध्ये येतच नाही.

‘यीस्ट खाऊन टाकतं.’ बाटलीत साखर घालून पुन्हा आंबवत असाल तर बऱ्याच अंशी खरं. पण केग आपण लगेच ४ अंशांच्या फ्रिजमध्ये ढकलतो. तिथे बहुतेक यीस्ट सुस्तावून तळाशी बसतं, आणि थंड बिअरमध्ये ऑक्सिजन उलट जास्तच विरघळतो. थंडीने बिघाड मंदावतो, थांबत नाही.

‘ऑक्सिजन शोषायला व्हिटॅमिन सी टाका’ असंही कुणी जोडतं. बिअरमध्ये लोह किंवा तांब्याचा अंश असेल तर एकटं ॲस्कॉर्बिक आम्ल (म्हणजे तेच व्हिटॅमिन सी) उलटूही शकतं, बिघाड वाढवू शकतं.

‘आम्ही असंच करतो, आम्हाला काही जाणवत नाही.’ शक्य आहे. स्टाउट (गडद काळपट बिअर) असेल आणि पंधरवड्यात संपत असेल तर मीही एवढा खटाटोप करणार नाही. पण भरपूर ड्राय हॉप केलेली (आंबवताना किंवा नंतर वासासाठी हॉप्सची फुलं घातलेली) धूसर आयपीए, म्हणजे हॉप्सच्या वासाची फिकट बिअर, तशी भरून बघा. पिवळाधमक रंग करडा-तपकिरी होत जातो, आंब्या-संत्र्याचा वास आधी उडतो, आणि मागे ओल्या पुठ्ठ्याची चव उरते. त्या बिअरसाठी बंद नळीला पर्याय नाही.