एका स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: साडेनऊ हजारांचा हिशेब

नमस्कार भाऊ,

काल रात्री गॅरेजचं शटर ओढता ओढता तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार पाहून वाईट वाटलंच. पण तुम्ही लिहिलंय ते सगळंच खोटं नाही, म्हणून ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ एवढं टाकून मोकळा होत नाही. तुम्ही चारचौघांत विचारलंत, मीही चारचौघांतच सांगतो.

तुमचं म्हणणं असं: २०२२ मध्ये ड्रॅगच्या मीटला, म्हणजे सरळ पट्टीवर जोडीने गाड्या सोडायच्या शर्यतीला, साडेपाच हजारांत नेलं, यंदा साडेनऊ हजार घेतले. हेल्मेट चांगलं असताना नवं घ्यायला लावलं. क्लचचे तीन हजार आठशे लावले. आणि वर, ‘धंदा झालाय नुसता, गरिबाच्या पोराने रेसिंग करूच नये का? त्यापेक्षा रात्री बायपासवर फुकटात होतं.’

आधी माझी चूक. साडेनऊ हजारांतले दीड हजार मेकॅनिकचे होते आणि ते मी तुम्हाला सांगितले निघाल्यावर, पहिल्या टोलनाक्यावर. गाडी पिकअपमध्ये बांधून झालेली, घरून चारशे-साडेचारशे किलोमीटरच्या प्रवासाला निघालेला माणूस तिथे नाही कसं म्हणणार? हे बरोबर झालं नाही. २०२२ मध्ये माझा भाचा हाताखाली फुकट यायचा. तो आता चाकणला नोकरीला लागला, म्हणून दोन मेकॅनिक दोन दिवस न्यावे लागले. चार गाड्यांचे मिळून सहा हजार जमले, चार हजार त्यांच्या हजेरीत गेले, दोन हजार दुकानाला राहिले. खर्च खरा होता, पण आधी न सांगता लावला. तुमचे दीड हजार आज दुपारी तुमच्या नंबरवर परत पाठवले आहेत. बाकीच्या तिघांचेही पाठवले.

उरलेल्या आठ हजारांपैकी चार हजार तीनशे आयोजकांकडे गेले, त्याची पावती तुमच्याच नावाची आहे. पिकअपचं डिझेल, टोल आणि ड्रायव्हर मिळून नऊ हजार दोनशे झाले, चार गाड्यांत वाटले की तेवीसशे. मुक्काम आणि दोन वेळचं जेवण अकराशे. क्लीनर, चेन ल्यूब, बांधायचे पट्टे यांचे तीनशे. या आठ हजारांत माझा एक रुपया नाही. वही दुकानात आहे, केव्हाही येऊन बघा.

आता आयोजकांची फी तीन वर्षांत एवढी का वाढली, हे तुम्हीच नाही, प्रत्येक पोरगा विचारतो. ४०२ मीटरची पट्टी डोळ्यांना दिसते, म्हणून वाटतं की सरळ रस्ता तर आहे, त्याला कसले पैसे? पण गाडी जेवढी पळते तेवढीच जागा पुढे थांबायला लागते, म्हणून विमानाची धावपट्टी नाहीतर रेसचा ट्रॅक भाड्याने घ्यावा लागतो. दोन्ही बाजूंना बॅरिकेड, मार्शल, डॉक्टरसह अँब्युलन्स, सुटायच्या जागेचे दिवे, वेळ मोजणारे सेन्सर. आणि विमा. तुमच्या गाडीची नेहमीची पॉलिसी काढून वाचा, शर्यत आणि वेगाची चाचणी त्यात धरलेलीच नसते. म्हणून त्या दिवसाचा विमा वेगळा लागतो. ज्या मीटला हे काही नाही आणि फी हजार रुपये आहे, तिथे मी पोरं नेत नाही. दोन वेळा बोलावणं आलं होतं, गेलो नाही.

एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटारस्पोर्टच्या संघटनेचं, लायसन्स दरवर्षी नव्याने काढावं लागतं, तो खर्च वेगळा. पुढे राष्ट्रीय स्पर्धेसाठी चेन्नईजवळच्या ट्रॅकवर जायचं म्हटलं तर जळगावहून एका बाजूने तेराशे किलोमीटरच्या आसपास पडतं. बंगळुरूचा हेमंत मुद्दप्पा इतक्या वेळा राष्ट्रीय ड्रॅग चॅम्पियन झाला, त्याचे व्हिडिओ आपली सगळी पोरं बघतात. त्याच्यासाठी तो ट्रॅक काही तासांवर आहे. रावेर-यावलच्या पोराचे चार दिवस आणि केळीच्या एका गाडीचे पैसे नुसते जाण्यायेण्यात जातात. ही तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि ती माझीही आहे. खानदेशात एकही कायदेशीर पट्टी नाही. म्हणून पेट्रोल, टोल आणि लॉज यांतच आपली निम्मी हौस संपते.

पार्टचं सांगतो. तुमची गाडी आरएक्स १००. ती १९८५ मध्ये आली, १९९६ मध्ये बंद झाली. शंभर सीसीच्या आतलं इंजिन, अकरा बीएचपी, आणि हात हलका असलेल्या मिस्त्रीने पोर्ट, म्हणजे सिलिंडरमधल्या इंधनाच्या आणि धुराच्या वाटा, घासले तर ती किती पळते ते तुम्हाला माहीत आहे. पण बंद होऊन तीस वर्षं होत आली. चांगला मूळचा सिलिंडर दरवर्षी कमी होत चाललाय आणि मागणारे वाढत चाललेत, त्यामुळे ज्याच्याकडे आहे तो तोंडाला येईल तो भाव सांगतो. बाहेरून येणारी चेन, स्प्रॉकेट, टायर डॉलरवर चालतात. २०१४ मध्ये डॉलर साठ-एकसष्ट रुपयांचा होता, २०२५ संपता संपता नव्वदीला टेकला. हेही सांगतो की २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्या दिवसापासून माझ्या बिलातही तो १८ आहे. तुमच्या बिलावर बघा.

तुमच्या क्लचच्या जुन्या प्लेटा मी टाकलेल्या नाहीत. प्लास्टिकच्या बरणीत तुमच्या गाडीचा नंबर लिहून ठेवल्या आहेत. लोखंडी प्लेटांवर मोरपिशी निळा डाग पडलाय, हातात घेऊन उजेडात धरा, लगेच दिसेल. तो उष्णतेचा डाग असतो. साइड कव्हर उघडलं तेव्हा ऑइलला जळकट वास होता आणि ते चहाच्या गाळासारखं काळं झालं होतं. तीन हजार आठशेत प्लेटांचा पूर्ण सेट, कडक स्प्रिंगा, गॅस्केट, ऑइल आणि मजुरी आहे. मजुरी सहाशे, त्यात एक पैसा वाढवलेला नाही. पण या प्लेटा एका हंगामात का गेल्या, ते मी तुम्हाला तेव्हाच समजावून सांगायला हवं होतं. तुम्ही गाडी सोडताना क्लच अर्ध्यावर धरून राहता. हात सुधारला की प्लेटा दोन हंगाम जातील. हा खर्च पार्टचा कमी आणि सवयीचा जास्त आहे.

तसंच पेट्रोलचं. तुमचा पिस्टन ऑगस्टमध्ये जाम झाला, तेव्हा तुम्ही म्हणालात की पोर्टिंग चुकलं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या त्याच जेटवर, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या त्याच छिद्रावर, मिश्रण पातळ होतं, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. पातळ मिश्रणावर तुमच्या गाडीसारखं टू-स्ट्रोक इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो. शिवाय ते हवेतलं पाणी ओढून घेतं, पावसाळ्यात दोन महिने टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल रेसला घालायचंच नाही. मुख्य जेट एक-दोन नंबरने मोठा करून, प्लगचा रंग बघून मगच गाडी ओढायची. प्लग विटकरी-तपकिरी हवा, पांढरा दिसला की थांबायचं. जेट काही रुपयांचा येतो, पिस्टन आणि बोर मिळून हजारोंत जातं.

हेल्मेटबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. तुमचं हेल्मेट दिसायला चांगलं होतं, पण ते मोटारसायकलच्या आरशावरून फरशीवर पडताना मी स्वतः पाहिलंय. आतलं थर्माकोलसारखं अस्तर एकदा दबलं की परत फुगत नाही आणि बाहेरून काही कळत नाही. अस्तर, चिकटवलेले जोड, पट्टा हे सगळं वयानेही थकतं, म्हणून हेल्मेट तपासून शिक्का देणारे अमेरिकेतले स्नेलवाले पाच वर्षांनी हेल्मेट बदलायला सांगतात. तुमचं सात वर्षांचं होतं. तपासणीच्या टेबलावर ते बाजूला ठेवलं असतं, तर भरलेली फी तशीच गेली असती. मी माझ्याकडूनच घ्या असं म्हटलं नव्हतं, जिथे स्वस्त मिळेल तिथून घ्या म्हटलं होतं.

‘गरिबाच्या पोराने करूच नये का’ याचं उत्तर मी गेली दोन वर्षं शोधतोय, आणि थोडं सापडलंय. ड्रॅगमध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या असतात. गाडीला पट्टी पार करायला लागलेला वेळ, आणि दिवा पेटल्यापासून तुम्ही हलेपर्यंतचा वेळ. पहिल्यातला सेकंदाचा दहावा भाग कमी करायलाही पैसे लागतात. दुसऱ्याला लागत नाहीत. जोडीने सुटतात तिथे हळू गाडीवाला नुसत्या सुटण्यावर जिंकतो, हे तुम्ही स्वतः पाहिलंय. नेहमीच्या दिव्यांत तीन पिवळे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने पेटतात, मग हिरवा. हिरवा बघून क्लच सोडणारा मागे राहतो. शेवटचा पिवळा लागला की हात उघडायला हवा. यंदा तुम्ही चार रनपैकी तीन वेळा हिरव्याची वाट बघत बसलात, वेळेच्या चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत. त्यासाठी नवा सायलेन्सर लागत नाही. आणि पहिल्या साठ फुटांत सेकंदाचा दहावा भाग वाचवला तर पट्टीच्या टोकाला त्याचे दीडपट-दुप्पट होतात.

म्हणून एका ओळखीच्या जिनिंग मालकाला विचारून त्यांचं आवार घेतलंय. कापसाचा हंगाम संपला की ते रिकामं असतं. तिथे फक्त साठ फूट सोडायचं, पुढे वेग धरायचाच नाही, ब्रेक मारून थांबायचं. सुटायच्या दिव्यांचा संच, ज्याला झाड म्हणतात, तो मी लाकडी फळीवर घरी बनवलाय. माणशी दोनशे रुपये, त्यात वॉचमनचा चहा आणि झाडू मारणाऱ्या बाईंची मजुरी.

दुसरी गोष्ट, अमेरिकेत हौशी लोक ब्रॅकेट रेसिंग करतात. तुम्ही आधीच सांगायचं की माझी गाडी पंधरा सेकंद घेते. समोरचा म्हणतो बारा. मग तुम्हाला तीन सेकंद आधी हिरवा मिळतो. सांगितल्यापेक्षा लवकर पोचलात तर बाद. म्हणजे जो आपल्या गाडीला ओळखतो आणि दर वेळी तीच वेळ काढतो तो जिंकतो, पैसेवाला नाही. असा एक क्लास ठेवा म्हणून मी दोन आयोजकांना लेखी कळवलंय. तुम्ही आणि बाकीच्यांनीही लिहिलंत तर माझ्या एकट्याच्या कागदाला वजन येईल.

आता बायपास.

भाऊ, तिथे फुकट काहीच नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पाच हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, दुसऱ्यांदा सापडलात तर दहा हजार आणि एक वर्षापर्यंत. हे तुम्हाला माहीत असेल. माहीत नसेल ते हे, की २०१६ मध्ये एका पोराच्या गाडीचं पोर्टिंग मी केलं होतं. रात्री साडेअकराला हायवेवर दोघं सुटले. पुढे केळीचा ट्रॅक्टर होता, ट्रॉलीला मागे दिवा नाही, रेडियम नाही. मला फोन आला तेव्हा मी जेवत होतो. त्याचा उजवा पाय मांडीपासून गेला. आज तो वडिलांच्या दुकानात गल्ल्यावर बसतो. मी गेलो की चहा मागवतो, मला एका शब्दाने दोष देत नाही. त्याच्या आईने मात्र पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ‘गाडी एवढी पळवायची केली, ती पळवायची कुठे हे नाही सांगितलं का तुम्ही?’

तेव्हापासून जो पोरगा मीटला येणार नाही, त्याची गाडी मी उघडत नाही. मग गिऱ्हाईक जातं. जाऊ द्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी अमेरिकेत एनएचआरए ही ड्रॅग रेसिंगची संघटना काढली तीही रस्त्यावरची पोरं पट्टीवर आणायला. आपल्याकडे ते काम अजून कुणी तरी करायचं बाकी आहे, आणि ते होईपर्यंत साडेचारशे किलोमीटर जावं लागणार, त्याचे पैसे लागणार.

पुढच्या हंगामाचा दर दिवाळीआधी दुकानाच्या बोर्डावर लिहून लावतो, प्रत्येक रकमेपुढे ती कुणाला जाते ते लिहीन. कापूस विकल्यावर ज्यांच्या हातात पैसा येतो त्यांनी दोन हप्त्यांत द्यावेत, व्याज-बिज काही नाही. स्टार बदला असं मी म्हणत नाही.

क्लचच्या प्लेटांची बरणी काउंटरखाली आहे, घेऊन जा. आणि येत्या रविवारी सकाळी सहाला जिनिंगवर या. तुमचे दोनशे रुपये या वेळी मी भरलेत. फाटकाची चावी माझ्याकडे आहे, नवं हेल्मेट तेवढं आणा.