यांना माईक कशाला?

जळगावच्या आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर १ डिसेंबरच्या, जागतिक एड्स दिनाच्या कार्यक्रमाचा फोटो पडला आणि वाद पेटला. स्टेजवर डॉक्टर मंडळींच्या रांगेत एक बाई बसलेल्या. स्वतः एचआयव्हीसह जगणाऱ्या, वस्तीत काम करणाऱ्या. आमच्यातला एक धुळ्यात हॉस्पिटल चालवतो. त्याचं म्हणणं, "डॉक्टरांचा विषय डॉक्टरांनी बोलावा. यांना साडी-श्रीफळ द्या, माईक कशाला?"

मी बाईंच्या बाजूनं चार ओळी खरडल्या तर लगेच उत्तर आलं, "तठे बशीसनी आमले नको शिकाडू, भो."

बसलोय खरा लंडनमध्ये. पण इथे तरी सगळं डॉक्टरांनी केलं का? १९८२ मध्ये टेरेन्स हिगिन्स एड्सनं गेला, तेव्हा ट्रस्ट काढला तो त्याच्या जोडीदारानं आणि मित्रांनी. संसर्ग टाळणाऱ्या प्रेपच्या गोळ्यांची जबाबदारी आमची नाही, असं एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, म्हणत होती. २०१६ मध्ये एका एड्स संस्थेनं कोर्टात जाऊन ते खोडून काढलं. आज लंडनमध्ये हॉस्पिटलच्या ए अँड ईत, म्हणजे तातडीच्या विभागात, रक्त घेतलं की एचआयव्हीची तपासणीही होऊन जाते, नको असेल तर सांगायचं. कुणी वळून बघत नाही.

बरं, लंडन राहू दे. सांगलीत धंद्यातल्या बायांनी १९९६ मध्ये स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली, ते काय इंग्लंडात?

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. रात्री ढाब्यावर उभ्या ट्रकच्या केबिनपाशी कंडोमची गोष्ट काढायला कुठला एमडी जातो? नंदुरबारकडची माणसं उसतोडीला गुजरातेत उतरतात ती थेट आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला परततात. एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, सरकार २००४ पासून फुकट देतं, आता बहुतेकांना रोज एकच गोळी. पण तिच्यात खंड पडला की विषाणू पुन्हा डोकं काढतो. फडावर गेलेल्याची गोळी चालू आहे का, हे विचारायला त्याच्या ओळखीचं माणूस लागतं.

अशाच एका ताईंशी मी मध्यंतरी फोनवर बोललो. नवीन पेशंटला त्या आधी बाटलीचं लेबल सोलायला सांगतात, मग आत कापूस भरायला. "हलली का वाजते ना भाऊ, सासू लगेच विचारते कशाची गोळी." हे कुठल्या एमबीबीएसच्या पुस्तकात आहे?

आता माझं. लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या गणपतीत साखर-बीपी तपासायचं टेबल लागतं. एचआयव्हीचं लागत नाही, आणि ते लावू या असं मी कधी म्हटलेलं नाही. इंग्रज सहकाऱ्यांसमोर मी सेक्शुअल हेल्थ क्लिनिकचं नाव सहज घेतो. अमळनेरच्या आतेबहिणीसमोर घेणार नाही. चार लोकांत "हा असल्या गोष्टी करतो" व्हायला नको, एवढा खान्देश माझ्यात अजून शिल्लक आहे. त्या बाईंना तर त्याच चार लोकांत रोज राहायचंय, तरी त्या खुर्चीत बसल्या.

म्हणून साडी-श्रीफळाचा राग येतो. संयुक्त राष्ट्रांच्या २०२१ च्या जाहीरनाम्यात जोखमीच्या गटांसाठीच्या प्रतिबंधाच्या ८० टक्के सेवा त्यांच्याच संस्थांनी द्याव्यात असं २०२५ पर्यंतचं उद्दिष्ट होतं. आपल्याकडे पीअर एज्युकेटरला, म्हणजे आपल्याच लोकांत जाऊन हे काम करणाऱ्याला, मिळतं ते मानधन, पगार नाही. जिल्ह्याच्या बैठकीत कुठल्या ढाब्यावर जायचं, कुठल्या वेळी जायचं हे ठरवताना त्यांचं मत धरा, आणि पैसे दर महिन्याला खात्यात टाका. गोळ्या डॉक्टरच लिहून देतील, त्यावर माझा वाद नाही.