ग्रहणाचंही कूळ असतं

"शतकातून एकदाच येणारं दुर्मिळ ग्रहण" हा फॉरवर्ड परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा येऊन पडला. २ ऑगस्ट २०२७ चं. खाली बारा जणांनी हात जोडले. मी तिथे गप्प बसलो (ग्रुपवर वाद घातला की टँकर कधी येणार ते कुणी सांगत नाही), म्हणून इथे लिहितोय.

अहो, हे ग्रहण आपल्या ओळखीतलं आहे. २२ जुलै २००९ ला सुरत, इंदूर, पाटण्यावरून गेलं त्याचंच पुढचं भावंड. आम्ही चौघं त्या सकाळी इंदूरजवळ शेताच्या बांधावर ढगांकडे बघत उभे होतो. अंधार झाला, पाखरं गप्प झाली, सूर्य काही दिसला नाही. त्याआधीचं ११ जुलै १९९१ ला हवाई-मेक्सिकोत झालं. आता २०२७ ला इजिप्तमध्ये लक्झरला सहा मिनिटांहून जास्त खग्रास, आपल्याला संध्याकाळी खंडग्रास. दर खेपेला अठरा वर्षं, अकरा दिवस. मोजून बघा.

या चक्राला सारोस म्हणतात. अमावास्या ते अमावास्या असे २२३ महिने, म्हणजे ६५८५ दिवस आणि वर साधारण आठ तास. तेवढ्यातच चंद्राच्या राहू-केतूशी, म्हणजे त्याची वाट सूर्याच्या वाटेला छेदते त्या बिंदूंशी, २४२ फेऱ्या होतात आणि पृथ्वीजवळ येण्याच्या २३९. तीन निरनिराळे ताल, आणि अठरा वर्षांनी तिघेही समेवर! अगदी काटेकोर नाही, किंचित चुकतात. म्हणूनच ग्रहणांचं एकेक कूळ एका ध्रुवाकडे जन्मतं, सरकत सरकत बारा-तेरा शतकांनी दुसऱ्या ध्रुवाकडे संपतं. आणि ते वरचे आठ तास? तेवढ्यात पृथ्वी आणखी एक तृतीयांश फिरते, म्हणून पुढचं ग्रहण पश्चिमेला दुसऱ्याच कुणाच्या अंगणात. चंद्रग्रहणांचंही हेच: २८ ऑगस्ट २००७ च्या नारळी पौर्णिमेचं ७ सप्टेंबर २०२५ ला भाद्रपद पौर्णिमेला आलं.

माझं लाडकं कूळ १३९ क्रमांकाचं. २२ जानेवारी १८९८ ला त्यातलं खग्रास ग्रहण आपल्या महाराष्ट्रावरून गेलं. करमाळा तालुक्यातल्या जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नेगमवाला दुर्बिणी घेऊन गेले होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच तळ ठोकून होते. एवढा खटाटोप जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी. त्याच कुळातलं सातव्या पिढीचं ग्रहण माझ्या भाच्याने ८ एप्रिल २०२४ ला डॅलसमध्ये गच्चीवरून पाहिलं. व्हिडिओ कॉलवर "मामा, अंगावर काटा आला" म्हणत होता. मी म्हटलं, हे सोलापूर जिल्ह्यातून आलंय बरं! ते कूळ अजून वाढत्या वयात आहे. २०२४ ला सर्वांत जास्त अंधार ४ मिनिटं २८ सेकंदांचा होता, १६ जुलै २१८६ ला ७ मिनिटं २९ सेकंदांचा असेल.

ओघाने आलंच म्हणून सांगतो. विजयदुर्गावर 'साहेबाचा कट्टा' दाखवतात आणि १८ ऑगस्ट १८६८ ला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने इथून हेलियम शोधला असं सांगतात. त्या दिवशी लॉकियर इंग्लंडात होता. ते ग्रहण बघायला गुंटूरला होता तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन. साहेब विजयदुर्गावर आला, पण तीस वर्षांनी, या जेऊरवाल्याच ग्रहणाला. खरी गोष्ट कमी रंगतदार आहे का? मला तरी नाही वाटत.

तीन सारोस झाले की ते आठ-आठ तास मिळून एक दिवस भरतो आणि ग्रहण साधारण आपल्याच बाजूला परततं. चोपन्न वर्षं आणि महिनाभर. १६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास कारवार-हुबळीवरून गेलं, तेव्हा मी कोल्हापुरात आठ वर्षांचा होतो. आईने खिडक्यांना चादरी लावल्या, लोणच्याच्या बरणीवर तुळशीपत्र ठेवलं आणि आम्हाला आतल्या खोलीत कोंडलं. ग्रहणातलं मला काय मिळालं, तर नंतर गल्लीतून आलेली "दे दान, सुटे गिराण" ही हाक.

ते कूळ २० मार्च २०३४ ला परत येतंय. लडाख-काश्मीरच्या बाजूला खग्रास दिसेल. मी बासष्टचा असेन, थंडी असणार, गुडघ्यांचं तेव्हा बघू. आई म्हणते, जमलं तर मलाही ने.