शोध लागत होते हो, कारखान्यात पोचत नव्हते
पेटंट नव्हतं म्हणून सोव्हिएत रशियात संशोधनच झालं नाही, हे एका लेखातलं म्हणणं काही पटलं नाही बुवा. १९५७ ला स्पुटनिक, जगातला पहिला कृत्रिम उपग्रह, सोडला की त्यांनी! शोध लावणाऱ्याला सर्टिफिकेट नि थोडंफार बक्षीस मिळायचं, हक्क मात्र सरकारचा. खरी गोची कारखान्यात होती. नवीन मशीन बसवायचं म्हणजे काही दिवस काम बंद, सरकारने ठरवून दिलेलं टार्गेट हुकणार, मॅनेजरचा बोनस गेला, आणि समजा उत्पादन वाढलंच तर पुढच्या वर्षी टार्गेटच वाढवून मिळणार, मग नसती उठाठेव करतंय कोण, जुनंच दामटत राहायचं. टेट्रिस हा व्हिडिओ गेम तिथलाच, १९८४ चा, जगभर खपला, पण हक्क सरकारकडे, त्यामुळे तो बनवणाऱ्या पाजित्नोवला रॉयल्टी मिळायला १९९६ उजाडलं. खुल्या बाजाराची बाजू घेणाऱ्यांनी पण फार टेंभा मिरवू नये म्हणा, इंटरनेट नि जीपीएसची सुरुवात अमेरिकन सरकारच्याच पैशातून झालीय.