बेल बॉण्डचे 10 टक्के परत मिळत नाहीत, तो फॉरवर्ड चुकीचाय

अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुप्सवर एक फॉरवर्ड फिरतोय की कुणाला अटक झाली तर बेल बॉण्ड एजंटला (म्हणजे फी घेऊन कोर्टात आरोपीच्या जामिनाची हमी देणाऱ्याला) जामिनाच्या रकमेचे 10 टक्के भरा, केस सुटली की सगळे परत, आणि हे म्हणे सगळ्या राज्यांत सेम. दोन्ही चूक.

कॅलिफोर्नियाचं बघा. जामीन समजा 20,000 डॉलर ठरला, तर एजंट साधारण 2,000 घेतो, ती त्याची फी, केस दुसऱ्या दिवशी उडाली तरी गेली ती गेली. परत मिळतात ते तुम्ही पूर्ण 20,000 थेट कोर्टात भरले असतील तर, आणि तेही आरोपी प्रत्येक तारखेला हजर राहिला तरच. एजंटकडे घर वगैरे तारण ठेवलं असेल तर ते केस संपल्यावर सुटतं, फी नाही. आणि मित्र म्हणून एजंटच्या हमीच्या कागदावर सही ठोकणाऱ्यांनो, आरोपी पळाला तर अख्खे 20,000 तुमच्या बोकांडी बसतात, सही करताना हे कुणी नीट वाचत नाही!

इलिनॉयमध्ये तर 18 सप्टेंबर 2023 पासून पैशाचा जामीनच बंद आहे, त्यामुळे फॉरवर्डमध्ये शिकागोच्या 'एजंट'चा जो नंबर दिलाय त्याला एक पैसा पाठवू नका. केंटकी, ऑरेगन, विस्कॉन्सिनमध्येही हे एजंट चालत नाहीत.

कॅलिफोर्नियात एजंट शोधताना लायसन्स नंबर मागा आणि राज्याच्या इन्शुरन्स डिपार्टमेंटच्या साइटवर टाकून बघा. 'झिरो डाउन' म्हणजे फुकट नाही, हप्ते असतात.