तिसरी म्हणजे समुद्रातलं कांगारू नव्हे

श्रावण तोंडावर आला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर तिसऱ्यांबद्दल, म्हणजे आपण खातो त्या समुद्री शिंपल्यांबद्दल, एक मजकूर फिरू लागतो. तिसरी म्हणजे समुद्रातलं कांगारू. दोघींना पिशवी, दोघी पिल्लाला आत दूध पाजतात, पिल्लू दगावलं की त्याचा मोती होतो, म्हणून तिसऱ्या खाणं म्हणजे बाळंतिणीला मारणं. ज्यांना खायच्या नाहीत त्यांनी खुशाल खाऊ नयेत. पण मुलांच्या माथी असलं जीवशास्त्र मारू नका.

आधी पिशवी. गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून तिसऱ्या आणा, एक विळीवर उघडा आणि मांस काढून शिंपी उजेडात धरा. आत दोन गोलसर वण दिसतील. शिंपी आवळून धरणारे स्नायू तिथे चिकटलेले असतात. वणांना जोडणारी बारीक रेघ एका टोकाला आत वळते. पाणी आत-बाहेर करणाऱ्या नळ्या तिथे आवरून घेतल्या जातात. शिंपी हे तिसरीचं स्वतःचं कवच आहे, पिल्लांची खोली नव्हे. नरालाही ती असतेच. कांगारूची पिशवी म्हणजे पोटावरच्या कातडीची घडी, आणि ती फक्त मादीला.

दुधाचं तर बोलायलाच नको. तिसऱ्यांचे नर-मादी आपापलं बीज पाण्यात सोडतात, फलन तिथेच होतं, अळ्या प्रवाहाबरोबर वाहतात आणि पुढे वाळूत रुततात. आईची गाठ पडतच नाही. कालवांच्या काही जाती अळ्यांना थोडे दिवस कवचात सांभाळतात, नदीतले शिंपले कल्ल्यांत ठेवतात, एवढं खरं. पण स्तन कुणालाच नाहीत.

कांगारूची गोष्ट याहून कितीतरी विलक्षण आहे. तांबड्या कांगारूचं पिल्लू सुमारे 33 दिवसांत जन्मतं, राजम्याच्या दाण्याएवढं, वजन एक ग्रॅमच्या आत. डोळे मिटलेले, मागचे पाय नुसते कोंब. तरीही पुढच्या पायांनी आईच्या केसांना धरत ते स्वतः पिशवीपर्यंत चढतं आणि चार सडांपैकी एक तोंडात धरतं. साधारण आठ महिने मुक्काम तिथेच. बाहेर पडलेलं थोरलं भावंडही पिशवीत डोकं घालून पितं. त्याच्या सडातलं दूध वेगळं, तान्ह्याच्या सडातलं वेगळं. एकच आई दोन्ही एकाच वेळी तयार करते.

राहिला मोती. शिंपल्याच्या मऊ अंगात परजीवी किंवा एखादा कण अडकला की त्याभोवती कॅल्शियम कार्बोनेटचे थर चढत जातात. त्यात पिल्लू कुठेच नसतं.