काळ्या वाळूतलं सोनं, चार हजारांचं डिटेक्टर आणि बटाट्यातला पारा

‘कोकणच्या किनाऱ्यावर सोनं पडलंय, फक्त उचलायचं बाकी आहे’ असा मेसेज गेले काही आठवडे फिरतो आहे. आमच्या वाडीच्या ग्रुपवर तो आला आणि तासाभरात घरातल्याच एका पोराने विचारलं, ‘काका, पारा कुठे मिळेल?’ आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजात सहा गोष्टी आहेत. काळी वाळू म्हणजे सोन्याची खूण. चार हजारांचं मेटल डिटेक्टर त्यासाठी पुरतं. थोडे जास्त पैसे टाकले तर वीस फूट खोलवरचं दाखवणारं यंत्र मिळतं. सापडेल ते सापडणाऱ्याचं. पावसाळा संपला की पहिल्या ओहोटीला जायचं. आणि शेवटची: वाळू पाऱ्यात घोळवा, तयार झालेला गोळा अर्ध्या बटाट्यात कोरून बसवा, बटाटा तव्यावर उपडा ठेवा, गॅस लावा, ‘पारा बटाटा पिऊन घेतो, सोनं तव्यावर राहतं’.

आधी हा बटाटाच घेतो. बाकी पाच मुद्द्यांनी पैसे आणि वेळ जाईल, याने जीव जाईल.

पारा सोन्याला धरतो, हे खरं आहे. पण बटाटा पारा पिऊन घेत नाही. तापवलेल्या गोळ्यातून पाऱ्याची वाफ निघते, ती बटाट्याच्या कडेने आणि भेगांतून बाहेर येते आणि तुमच्या स्वयंपाकघरात पसरते. तिला रंग नाही, वास नाही. पारा ३५७ अंशांना उकळतो, पण वाफ व्हायला उकळावं लागत नाही. वीस अंशांच्या हवेतही एका घनमीटरमध्ये तेरा-चौदा मिलिग्रॅम पारा मावतो. कारखान्यातल्या कामगारांसाठी वापरली जाणारी एक मर्यादा घनमीटरला ०.०२५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे पाचशेपट. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली या पाचशेपट पातळीला न्यायला साधारण ४०० मिलिग्रॅम पारा पुरतो. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड, त्यामुळे एवढा पारा म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब. मेसेज ‘अर्धी वाटी’ घ्यायला सांगतो.

श्वासातून गेलेल्या पाऱ्याच्या वाफेतला सुमारे ऐंशी टक्के पारा फुप्फुसातून थेट रक्तात उतरतो. पहिल्या काही तासांत खोकला, छातीत आवळल्यासारखं, ताप; माणसाला वाटतं फ्लू झाला. मग श्वास लागायला लागतो. घरातल्या लहान मुलांना धोका सर्वांत जास्त. थोडा थोडा पारा रोज जात राहिला तर हात थरथरतात, हिरड्या सुजतात, विसराळूपणा आणि चिडचिड वाढते, मूत्रपिंडं बिघडतात. शिवाय वाफ गार भिंतीवर, भांड्यांवर, छतावर थिजून बसते आणि नंतर पुन्हा हळूहळू हवेत येते. तवा घासून हे जात नाही.

उरलेलं पाणी गटारात ओतलं तर ते खाडीत जातं. खाडीच्या चिखलातले जिवाणू पाऱ्याचा मिथाइल मर्क्युरी करतात, तो कालवांत, तिसऱ्यांत आणि मासळीत साठतो. जपानमधल्या मिनामाटाला १९५६ मध्ये जो आजार उघड झाला, तो कारखान्याने समुद्रात सोडलेल्या याच विषाचा आणि तिथली मासळी खाल्ल्याचा होता. खाडीच्या मासळीवर जगणाऱ्या गावाला हे आणखी समजावून सांगायला नको.

कोणी आधीच पारा आणला असेल तर बाटली घट्ट बंद करून राहत्या घराबाहेर, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारा. सांडला असेल तर झाडू मारू नका, व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. त्याने थेंब फुटून आणखी पसरतात. मुलांना बाहेर काढा, बाहेरच्या बाजूची खिडकी उघडा, घरातली मधली दारं बंद करा, हातातल्या अंगठ्या काढून ठेवा आणि जाड कागदाने थेंब ढकलत झाकणाच्या बाटलीत गोळा करा. बारीक थेंब चिकटपट्टीने उचला, तीही त्याच बाटलीत टाका.

आता काळी वाळू. मालगुंड, गणपतीपुळे, पूर्णगड या पट्ट्यात पुळणीवर जे काळे पट्टे दिसतात ते इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटचे. आपल्या मागचा सगळा सह्याद्री बेसॉल्टचा. तो झिजून लोह आणि टायटॅनियमची जड खनिजं नद्यांतून खाली येतात, लाटा हलकी वाळू उचलून नेतात आणि जड मागे ठेवतात. सोनंही जड असल्यामुळे जिथे मुळात सोनं असतं तिथे ते काळ्या वाळूसोबत साठतं, एवढं मान्य. पण त्यासाठी वर डोंगरात सोनं असावं लागतं. कर्नाटकातल्या कोलार, हट्टी इथलं सोनं धारवाडी खडकांतलं, दख्खनच्या बेसॉल्टपेक्षा कितीतरी जुन्या. सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला तसे जुने खडक आहेत हे खरं, पण तिथे रेडीला जे निघालं ते लोहखनिज. वाळूतला पिवळा चकचकाट बहुतेक वेळा अभ्रकाचा असतो. कण सावलीत धरा: सोनं सावलीतही पिवळंच दिसतं, अभ्रक फिरवल्यावरच चमकतं. सुईने दाबा: सोनं चेपतं, अभ्रकाचे पापुद्रे निघतात.

समजा, त्या वाळूत सोनं आहे. टनाला एक ग्रॅम धरू. वीस किलोच्या घमेल्यात वीस मिलिग्रॅम झालं, तेही पिठासारखं. आणि डिटेक्टरला पीठ दिसत नाही, त्याला खडा लागतो. झारखंडात सुवर्णरेखा नदीच्या काठी किंवा केरळात निलंबूरला चालियार नदीत लोक सोनं काढत आले ते वाळू धुऊन, डिटेक्टर फिरवून नव्हे.

उलट ही वाळू डिटेक्टरची शत्रू आहे. मॅग्नेटाइटमुळे जमीनच यंत्राला लोखंडासारखी वाटते. त्यासाठी ग्राउंड बॅलन्स करावा लागतो, म्हणजे जमिनीचा आवाज वगळावा लागतो: कॉइल (यंत्राच्या खालच्या टोकाची चकती) फूटभर उंचीवरून जमिनीच्या दोन बोटं वरपर्यंत खाली-वर करायचं आणि आवाज सपाट होईपर्यंत बटण फिरवायचं. चार हजारांच्या बऱ्याच यंत्रांना ते बटणच नसतं. दुसरं, खाऱ्या पाण्याने भिजलेली वाळू स्वतःच वीजवाहक. एकाच फ्रिक्वेन्सीचं यंत्र तिथे सतत ओरडतं, आणि सेन्सिटिव्हिटी कमी केली की खोली जाते. सोन्याचे बारीक खडे दिसावेत म्हणून बनवलेली यंत्रं ४५ किंवा ७१ किलोहर्ट्झसारख्या उंच फ्रिक्वेन्सीवर चालतात, आणि खाऱ्या वाळूचा सर्वांत जास्त त्रास त्यांनाच होतो. ओल्या पुळणीवर एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं (मल्टी-फ्रिक्वेन्सी) नाहीतर विजेचे झटके सोडून धातू ओळखणारं (पल्स इंडक्शन) यंत्र लागतं, आणि पल्स इंडक्शनला खिळा आणि अंगठी यांतला फरक नीट कळत नाही. वर कातळावर गेलात तर जांभ्याचे लोहयुक्त खडेच खोटे आवाज देतात.

वीस फूट तर सोडूनच द्या. चांगलं यंत्र चांगल्या जमिनीत नाणं फूटभराच्या आत दाखवतं. दोन अँटेना हातात धरून ‘लांबचं सोनं’ शोधणारी जी यंत्रं विकतात, त्यांच्या जातीचा एडीई ६५१ नावाचा ‘बॉम्बशोधक’ इराकला विकला गेला होता. मूळ वस्तू गोल्फचे चेंडू शोधायचं खेळणं होतं. विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली.

‘सापडेल ते तुमचं’ हा मुद्दा ज्याने लिहिला त्याने १८७८ चा निखात निधीचा कायदा पाहिलेला नाही. तो आजही लागू आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं की काय सापडलं, कुठे, कधी आणि अंदाजे किती किमतीचं हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, वस्तू सरकारी खजिन्यात जमा करायची किंवा तारण द्यायचं. लपवलंत तर तुमचा वाटा सरकारजमा आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मेसेजात अर्धं सत्य एवढंच, की चौकशीअंती धन बेवारस ठरलं आणि वेगळा करार नसला तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश मिळतो. पण तो कळवणाऱ्यालाच. आणि सरकारला हवं असेल तर धातूची किंमत अधिक पंचमांश देऊन ते स्वतःकडे घेऊ शकतं. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग हे केंद्राचे संरक्षित किल्ले. तिथे परवान्याशिवाय खणणं हा वेगळा गुन्हा. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात परवाना काढून सोनं शोधता आणि ठेवता येतं. तिथले व्हिडिओ पाहून इथे तसं करता येत नाही, कारण आपल्याकडे असा हौशी परवाना नाही. काळी वाळू पोत्यात भरून घरी नेण्याचं तर नावच काढू नका: किनाऱ्यावरचं इल्मेनाइट कायद्याने अणुखनिजांच्या यादीत आहे.

राहिला पावसाळ्यानंतरच्या ओहोटीचा मुद्दा. तो बरोबर आहे, फक्त सोन्याच्या खाणीशी त्याचा संबंध नाही. पावसाळी लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात, जड वस्तू खालच्या टणक थरावर उघड्या पडतात, आणि हिवाळ्यात वाळू परत येऊन त्यांना झाकते. विसर्जनाला, आंघोळीला पडलेल्या अंगठ्या त्या मधल्या काळात सापडू शकतात. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला, पाणी सर्वांत खाली असतानाच्या आधी-नंतर दोन तास, पाण्याला समांतर पट्टे पाडून चालायचं. कॉइल सपाट ठेवायचं, टोकाला उचलायचं नाही, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवायची. यंत्र धातू ओळखायला जो आकडा दाखवतं, तो अंगठीचा आणि ॲल्युमिनियमच्या फॉइलचा एकच येऊ शकतो, म्हणून कचरा वगळायचं सेटिंग लावलं की अंगठीही वगळली जाते. हल्लीची एक-दोन रुपयांची बरीच नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलची आहेत, यंत्र त्यांना लोखंड समजू शकतं.

अशी अंगठी कोणाची तरी असते. करार कायद्याच्या ७१ व्या कलमाने ती सांभाळून ठेवण्याची जबाबदारी सापडणाऱ्यावर येते, आणि मालक शोधायचा प्रयत्नही न करता खिशात घातली तर भारतीय न्याय संहितेचं ३१४ वं कलम आहे. पोलीस ठाण्यात नोंद करा, विसर्जनाच्या मंडळाला विचारा.

खणलेला खड्डा त्याच मिनिटाला बुजवा. वेळास, आंजर्ले, गुहागर इथे थंडीपासून ऑलिव्ह रिडले कासवं भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत अंडी घालतात. फावड्याने घरटं फुटतं, आणि उघड्या खड्ड्यात पडलेलं पिल्लू समुद्रापर्यंत पोहोचत नाही. तिथे त्या महिन्यांत डिटेक्टर घेऊन जाऊच नका.